काळूच्या ताटात भाकरी असावी का?

पत्राचा सारांश:
पुण्यात राहणाऱ्या एका ताईंनी लिहिलं आहे. घरात त्या, त्यांचे पती, शाळेत जाणारा मुलगा आणि तीन वर्षांचा गावठी कुत्रा काळू (नाव बदललं आहे). काळूची नसबंदी झालेली आहे, वजन १६ किलो. वडील गेल्यावर ताईंची आई बार्शीजवळच्या गावातून त्यांच्याकडे राहायला आली आणि काळूचं खाणंपिणं तिने आपल्या हातात घेतलं. सकाळी दोन, संध्याकाळी दोन ज्वारीच्या भाकऱ्या, कपभर दुधात कुस्करून. श्रावणात काळूला खाज सुटली, पोटाखालचे केस गेले. ताईंनी मोबाइलवर बरेच व्हिडिओ पाहिले. कुत्रा म्हणजे लांडगाच, त्याला कर्बोदकांची गरज नाही, धान्य त्याच्यासाठी विष आहे, असं सगळीकडे ऐकलं. दसऱ्यानंतर त्यांनी भाकरी-दूध बंद करून रोज अर्धा किलो बोनलेस चिकन कच्चंच द्यायला सुरुवात केली. त्याच आठवड्यात गोचिडांची गोळीही दिली. दिवाळीपर्यंत खाज बरीच कमी झाली, पण वजन दीड किलोने उतरलं आणि काळू सारखा भुकेला दिसतो. आईचं म्हणणं, 'आमच्या वस्तीवरची कुत्री भाकरीवरच चौदा-चौदा वर्षं जगली.' हल्ली ती वाद घालत नाही. रोज संध्याकाळी एक भाकरी जास्तीची करते आणि फडक्यात गुंडाळून ठेवते. काळू ओट्यापाशी बसून राहतो. ताई विचारतात, 'कुत्र्याला कर्बोदकं लागतात की नाही, हे एकदा स्पष्ट सांगा. लागत नसतील तर आईला कसं समजावू?'

उत्तर:

ताई, तुम्ही स्पष्ट विचारलं आहे, म्हणून आधी स्पष्ट उत्तर देते. निरोगी, वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याला आहारातून कर्बोदकं मिळालीच पाहिजेत असं नाही. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००६ साली कुत्र्या-मांजरांच्या पोषणाचा जो मोठा ग्रंथ काढला, त्यात प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, कॅल्शियम, झिंक यांची प्रमाणं दिली आहेत. मोठ्या कुत्र्याला कर्बोदकं किमान किती हवीत, याचा आकडा त्यात नाही. मेंदूला आणि रक्तातल्या तांबड्या पेशींना साखर लागतेच, पण कुत्र्याचं यकृत ती प्रथिनांपासून आणि चरबीतल्या ग्लिसरॉलपासून स्वतः बनवू शकतं.

गाभण आणि दूध पाजणाऱ्या कुत्रीची गोष्ट मात्र वेगळी. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गाभण कुत्र्यांना कर्बोदकं अजिबात दिली नाहीत. विण्याच्या सुमारास त्यांच्या रक्तातली साखर घसरली, काही पिल्लं मेलेली जन्मली, काही नंतर दगावली. पुढच्या प्रयोगांत प्रथिनं भरपूर वाढवली, तेव्हा कर्बोदकांशिवायही सगळं नीट पार पडलं. म्हणजे त्या अवस्थेत प्रथिनं बेताची असतील तर भात-भाकरीचा आधार लागतो. आपल्याकडे ती बेताचीच असतात. तेव्हा घरात गाभण कुत्री असेल तर कर्बोदकं तोडायचा प्रयोग करू नका.

तर 'गरज नाही' इथपर्यंत व्हिडिओतली माणसं खरं बोलतात. चूक होते ती 'म्हणून विष आहे' या पुढच्या उडीत. आंब्यावाचून आपलं शरीर अडत नाही, म्हणून आंबा विष ठरत नाही. एखाद्या गोष्टीची गरज आहे का, ती पचते का आणि ती बाधते का, हे तीन प्रश्न वेगळे आहेत. तुमच्या घरातलं भांडण पहिल्या प्रश्नावर चाललंय आणि काळूचं पोट बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरं मागतंय.

पचण्याचं पाहू. कुत्रा लांडग्यापासून झाला हे खरं, पण तो लांडगा राहिलेला नाही. स्वीडनमधल्या उप्सला विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली 'नेचर'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी १२ लांडगे आणि ६० कुत्री यांचे जनुकसंच शेजारी शेजारी ठेवून पाहिले. पिष्ट म्हणजे धान्यातलं स्टार्च. ते पचवणारं अमायलेज नावाचं विकर (एन्झाइम) स्वादुपिंडात तयार होतं. हे विकर बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती सापडल्या, कुत्र्यांत ४ पासून ३० पर्यंत. पिष्टाचे तुकडे झाल्यावर त्यांची साखर करणारी आणि ती आतड्यातून रक्तात ओढून घेणारी जनुकंही कुत्र्यात बदललेली दिसली. माणूस शेती करू लागला, कुत्रा त्याच्या उकिरड्यावर आणि उंबऱ्याशी जगू लागला, आणि ज्यांना धान्य पचलं त्यांची पिल्लं जास्त टिकली. पुढे प्राचीन हाडांमधल्या डीएनएच्या अभ्यासातही शेतकरी समाजातल्या कुत्र्यांमध्ये ही वाढ सुमारे ७ हजार वर्षांपूर्वीपासून दिसते.

तुम्ही कधी दायमाबादच्या ब्राँझच्या रथाचं चित्र पाहिलं आहे का? प्रवरेकाठच्या त्या गावात १९७४ साली तो सापडला. दोन बैल, उभा राहून हाकणारा माणूस, आणि रथाच्या दांडीवर, बैलांच्या आणि माणसाच्या मधे, एक कुत्रा. दख्खनच्या शेतकऱ्याचं आणि कुत्र्याचं नातं इतकं जुनं आहे. तुमचा काळू पार्किंगमधून आणलेला असो नाहीतर आणखी कुठून, तो त्याच शेतकऱ्याच्या कुत्र्याचा वारसदार आहे.

सगळी कुत्री सारखी नाहीत, हेही सांगायला हवं. सायबेरियन हस्कीसारख्या बर्फाळ मुलखातल्या जातींत या जनुकाच्या प्रती कमी असतात. त्यांचे पूर्वज मासे आणि चरबीवर जगले. पुण्यात एसी लावून हस्की पाळणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं आणि त्यांच्या ताटात भाताचा ढीग लावू नये. आयरिश सेटर जातीतल्या काही कुत्र्यांना गव्हातलं ग्लुटेन सोसत नाही, आतड्याला सूज येते. पण ही अपवादाची उदाहरणं झाली. आणि ज्वारीत ग्लुटेन नसतंच.

भाकरी पचण्याबद्दल एक बारीक गोष्ट आहे, ती आईंना ऐकायला आवडेल. कच्चं पिष्ट कुत्र्याला नीट पचत नाही. पाणी आणि आच दोन्ही मिळाल्यावर त्याचे कण फुगतात, फुटतात, आणि मग ते ९५ टक्क्यांहून जास्त पचतं. आई उकळत्या पाण्यात पीठ मळत असतील, चांगली फुगेपर्यंत भाजत असतील, वर कोमट दुधात कुस्करत असतील. कुत्र्याच्या लाळेत आपल्यासारखं अमायलेज नसतं आणि तो चावत बसत नाही, घास तसाच गिळतो. म्हणून ते कुस्करणं फार कामाचं. त्यांच्या हाताला हे माहीत होतं.

आता मांसाच्या बाजूचंही न्यायाने सांगते. २०१३ सालच्याच आणखी एका अभ्यासात पाच जातींच्या कुत्र्यांना वेगवेगळ्या अन्नातून हवं ते निवडायची मोकळीक दिली होती. त्यांनी ऊर्जेतला ६३ टक्के वाटा स्निग्ध पदार्थांतून घेतला, ३० टक्के प्रथिनांतून आणि फक्त ७ टक्के कर्बोदकांतून. म्हणजे काळूला विचारलं तर तो चिकनच म्हणेल. मुलाला विचारलं तर तो रोज वडापाव म्हणेल. आवडीला मान द्यावा, पण फ्लॅटमध्ये दिवसभर झोपणारा कुत्रा आणि बर्फातून गाडी ओढणारा कुत्रा यांना एकाच प्रमाणात चरबी देता येत नाही. कुत्र्यांत स्वादुपिंडाला सूज येण्याचा आजार होतो, आणि चरबीने माखलेलं उष्टं-खरकटं हे त्याचं एक नेहमीचं कारण. मटणाच्या पार्टीनंतर दुसऱ्या दिवशी उलट्या करत आलेली कुत्री मी खूप पाहिली आहेत.

आईंच्या म्हणण्याकडे येते. 'वस्तीवरची कुत्री भाकरीवर जगली' हे खोटं नाही, अर्धं आहे. ती कुत्री भाकरीवर 'फक्त' जगत नव्हती. शेतात उंदीर, घुशी, घोरपडी. शेळी-म्हैस व्याली की वार. देवाला बकरं पडलं की आतडी आणि हाडं. गोठ्यातलं सांडलेलं दूध, पोरांच्या हातून पडलेली अंडी. मालकाच्या डोळ्यांसमोर भाकरी खाल्ली जायची, बाकीचं जेवण बांधावर व्हायचं. शिवाय जी चौदा वर्षं जगली ती लक्षात राहिली. पहिल्याच वर्षी गेलेल्या पिल्लांची मोजदाद कोणी ठेवली नाही. काळू तिसऱ्या मजल्यावर राहतो. त्याच्या ताटात पडेल तेवढंच त्याचं अन्न. आईंना हे असं समोर बसून सांगा. त्या शेतात वावरलेल्या आहेत, त्यांना व्हिडिओपेक्षा हे लवकर पटेल.

म्हणून मला वाटतं, तुम्ही दोघी भाकरीवर भांडताय आणि ताटात काय कमी आहे ते दोघींनाही दिसत नाहीये. आपण मोजूनच पाहू. नसबंदी झालेल्या १६ किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ८०० ते ९०० किलोकॅलरी लागतात. चार भाकऱ्यांना सुमारे २४० ग्रॅम पीठ धरलं, तर त्यातून ८०० च्या वर कॅलरी मिळतात. पोट भरलं. प्रथिनं मात्र सुमारे २४ ग्रॅम, दुधाची आणखी पाचेक. अमेरिकेत कुत्र्यांच्या खाद्याची मानकं ठरवणारी 'आफको' ही संस्था जे किमान प्रमाण धरते, त्यानुसार काळूला रोज ४० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवीत. आणि ज्वारीची प्रथिनं एका बाबतीत लंगडी असतात. त्यांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असतं. झिंकही तोकडं पडतं, कारण धान्यातलं फायटेट झिंकला धरून ठेवतं. झिंक आणि करडई-सूर्यफुलाच्या तेलात असणारं लिनोलेइक आम्ल कमी पडलं की कातडी कोरडी होते, कोंडा होतो, केस निस्तेज होतात. म्हणजे भाकरीने काळूच्या कातडीचं काही बिघडलं असेल, तर ते तिच्यात काही वाईट आहे म्हणून नव्हे. भाकरीशेजारी काहीच नव्हतं म्हणून.

आता तुमचं ताट. अर्धा किलो बोनलेस चिकन म्हणजे प्रथिनं शंभर ग्रॅमच्या वर, पण कॅलरी ५५० ते ६००. काळू भुकेला दिसतो कारण तो खरंच भुकेला आहे. दीड किलो वजन तिथेच गेलं. त्याहून मोठी काळजी मला कॅल्शियमची वाटते. या चिकनमधून फॉस्फरस जवळजवळ एक ग्रॅम मिळतो, कॅल्शियम मात्र ५० मिलिग्रॅमच्या आसपास. काळूला रोज ८०० ते १००० मिलिग्रॅम हवं, आणि फॉस्फरसपेक्षा कमी असून चालत नाही. ते ताटातून येत नसेल तर शरीर हाडांतून काढतं. मोठ्या कुत्र्यात हे कळायला महिने लागतात. पिल्लात काही आठवड्यांतच पाय वाकतात, उडी मारताना हाड मोडतं. लाडाने नुसतं चिकन आणि भात खाऊन वाढलेली अशी पिल्लं दवाखान्यात येतात तेव्हा मालकाला खरंच वाटत नाही, कारण त्याने तर सगळ्यात महाग ते खायला घातलेलं असतं.

कच्चं चिकन बंद करा, ही माझी आग्रहाची विनंती. बाजारातल्या कच्च्या कोंबडीत साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात. काळूला काही झालं नाही तरी त्याच्या तोंडातून, ताटातून आणि विष्ठेतून ते घरभर जातात. घरात वयस्क आई आहेत, लहान मुलगा आहे. शिजवल्याने प्रथिनं काही पळून जात नाहीत. हाडं मात्र शिजवलेली देऊ नका. शिजल्यावर ती ठिसूळ होतात आणि टोकदार तुकडे आतड्यात रुततात.

खाजेचं कोडंही सोडवू या, कारण तुमचा सगळा निष्कर्ष त्यावर उभा आहे. खाज श्रावणात सुटली. हवेत ओल, अंग वाळत नाही, गोचीड-पिसवांचा सुकाळ. कमी झाली ती दसऱ्या-दिवाळीच्या मधे, हवा कोरडी झाल्यावर. आणि तुम्ही स्वतःच लिहिलंय की भाकरी बंद केली त्याच आठवड्यात गोचिडांची गोळी दिली. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि श्रेय एकीलाच मिळालं. २०१६ साली जुन्या अभ्यासांतली अन्नाची अ‍ॅलर्जी असलेली २९७ कुत्री एकत्र पाहिली गेली. त्यांत सर्वांत जास्त बाधलेलं अन्न गोमांस होतं, ३४ टक्के. मग दूध-दुभतं १७ टक्के, चिकन १५ टक्के आणि गहू १३ टक्के. म्हणजे काळूला खरोखर अन्नाची अ‍ॅलर्जी असेल, तर भाकरीच्या आधी दुधावर आणि तुम्ही आता देताय त्या चिकनवरच संशय घ्यावा लागेल. ते ठरवायची खात्रीची रीत एकच आहे. पशुवैद्यांच्या देखरेखीखाली काळूने आधी कधीही न खाल्लेलं एक प्रथिन आणि एक पिष्ट निवडून, किमान आठ आठवडे त्याशिवाय दुसरं काहीही द्यायचं नाही, बिस्किटाचा तुकडासुद्धा नाही. मग जुनं अन्न परत देऊन खाज येते का पाहायचं. पण त्याआधी कातडीचा खरवडा तपासून घ्या. खरूज आणि बुरशी निघाली तर इतकं सगळं करायची वेळच येणार नाही.

पत्राच्या शेवटी तुम्ही ताटात काय वाढू असं विचारलेलं नाही, पण खरा प्रश्न तोच आहे. काळूसाठी मी असं सुचवेन. दिवसाला २५० ग्रॅम चिकन (मांडीचं आणि छातीचं मिळून), बिनमिठाचं, कांदा-लसूण न घालता शिजवलेलं, त्याच्या पाण्यासकट. एक उकडलेलं अंडं. दीड भाकरी, चिकनच्या पाण्यात कुस्करून. दोन चमचे शिजवलेला लाल भोपळा, कारण त्यातल्या तंतूंनी शौचाला बांधून होते आणि मोठ्या आतड्यातल्या चांगल्या जंतूंना खाद्य मिळतं. दोन छोटे चमचे करडईचं तेल. बार्शीकडच्या माणसाला करडईची ओळख करून द्यायला नको. आठवड्यातून दोनदा चिकनमध्येच २५-३० ग्रॅम कलेजी. हे सगळं मिळून ८०० च्या पुढे कॅलरी आणि ६०-६५ ग्रॅम प्रथिनं होतात. दूध बाधत नसेल तर थोडं चालेल, नाहीतर गोडं ताक किंवा दही. मोठ्या कुत्र्यांत दुधातली साखर पचवण्याची ताकद कमी झालेली असते, म्हणून पातळ शौचाला होत असेल तर दूध सोडा.

एवढ्यानेही ताट पूर्ण होत नाही. अमेरिकेत २०१३ साली घरगुती खाद्याच्या २०० पाककृती तपासल्या, त्यांतल्या ९५ टक्के पाककृतींत एक तरी आवश्यक घटक कमी निघाला. कुत्र्याची कातडी उन्हात पुरेसं ड जीवनसत्त्व बनवत नाही, तेही खाण्यातूनच यावं लागतं. तेव्हा कॅल्शियम, झिंक, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व यांची पूड तुमच्या पशुवैद्यांकडून वजनाप्रमाणे लिहून घ्या. अंड्याची टरफलं भाजून, मिक्सरवर अगदी बारीक केली तर एका ग्रॅममधून सुमारे ३८० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं. पण पुडीत कॅल्शियम असेल तर वरून टरफलं घालू नका. बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करा, रोज थोडं जुनं कमी, थोडं नवं जास्त. दर महिन्याच्या एक तारखेला वजन करा. तुम्ही काळूला उचलून काट्यावर उभ्या राहा, मग एकट्या, आणि वजाबाकी करा. बरगड्या बोटांना लागायला हव्यात, पण डोळ्यांना मोजता येऊ नयेत.

तुमच्यासारखी पत्रं शाकाहारी घरांतूनही येतात. त्यांना सांगते की कुत्रा या बाबतीत मांजरापेक्षा बराच सोशीक आहे. मांजराला टॉरिन (एक प्रकारचं अमिनो आम्ल) आणि अ जीवनसत्त्व प्राण्यांच्या अन्नातूनच घ्यावं लागतं. कुत्रा टॉरिन गंधकयुक्त अमिनो आम्लांपासून बनवतो आणि गाजर-भोपळ्यातल्या कॅरोटिनपासून अ जीवनसत्त्वही. घरात अंडं चालत असेल तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. नसेल तर पनीर, दही आणि वरण-भात. धान्यात जे लायसिन कमी असतं ते डाळीत भरपूर असतं आणि डाळीत जे मिथिओनिन कमी असतं ते धान्यात असतं. आपल्या वरण-भातात हेच घडतं. पण अशा आहाराला पुडीचा आणि पशुवैद्यांचा आधार जास्तच लागतो. पिल्लाला किंवा गाभण कुत्रीला नुसत्या वरण-भातावर ठेवू नका.

पिशवीतलं कोरडं खाद्य देणाऱ्यांसाठी एक सोपं गणित. पिशवीवर कर्बोदकांचा आकडा बहुधा नसतो. प्रथिनं, चरबी, तंतू, ओलावा आणि राख (म्हणजे खनिजं) यांची टक्केवारी बेरीज करा आणि १०० मधून वजा करा. समजा २२, १०, ४, १० आणि ८ असेल, तर बेरीज ५४ आणि कर्बोदकं ४६ टक्के. दाणे यंत्रातून फुगवून काढायला पिष्ट लागतंच. 'ग्रेन फ्री' लिहिलेल्या महागड्या पिशवीतही ते असतं, फक्त तांदूळ-मक्याऐवजी वाटाणा, मसूर, बटाटा यांचं. अशा खाद्यांचा आणि हृदयाचा स्नायू सैल पडण्याच्या आजाराचा संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली सुरू केली. तो संबंध कारण म्हणून सिद्ध झालेला नाही, पण धान्य वगळल्याने कुत्रा अधिक निरोगी होतो हेही सिद्ध झालेलं नाही. दुप्पट पैसे त्यासाठी मोजू नका. मधुमेह, स्वादुपिंडाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या कुत्र्याचं ताट मात्र या लेखावरून ठरवू नका, ते त्याच्या पशुवैद्यांनीच ठरवावं.

धान्याचा खरा धोका मला एकाच ठिकाणी दिसतो, आणि त्याबद्दल कुठल्याच व्हिडिओत कोणी बोलताना मी ऐकलं नाही. तो म्हणजे बुरशी. 'भाकरीला बुरा आलाय, टाक कुत्र्याला' हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. बुरशीतून होणारं अफ्लाटॉक्सिन कुत्र्याचं यकृत निकामी करतं आणि कुत्रा त्याला फार नाजूक असतो. वरचा बुरा खरवडून काही होत नाही, विष आत मुरलेलं असतं. शिळी भाकरी चालेल. बुरसटलेली भाकरी, ओल लागलेलं पीठ, वास येणारे शेंगदाणे आपण खात नाही, तसेच काळूलाही देऊ नका आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांनाही टाकू नका.

राहिलं आईंना समजावणं. ताई, मला वाटतं त्यांना समजावण्यापेक्षा त्यांना विचारण्याची गरज आहे. वडील गेल्यावर, गाव सुटल्यावर, नव्या घरात त्यांना आपणहून मिळालेलं एकच काम होतं, या जनावराच्या पोटाचं. तेही एका दिवसात हातातून गेलं, आणि वर त्या काळूला विष घालत होत्या असं त्यांच्या कानावर पडलं. फडक्यातली ती भाकरी हट्टाची आहे असं मला वाटत नाही. त्यांच्याकडे जाऊन म्हणा, 'आई, डॉक्टर म्हणाल्या भाकरी चालते, पण दीडच, आणि चिकनच्या पाण्यात. कुस्करायची तूच.' चिकन तुम्ही शिजवा, ताट त्यांना वाढू द्या. पुडीचा चमचाही त्यांच्याच हाती द्या. महिन्याचं वजन भिंतीवरच्या कॅलेंडरवर मुलाला लिहू द्या.

आणि हो, चंपाषष्ठी जवळ आली आहे. आईंच्या गावाकडे खंडोबाची तळी भरत असतील, तर त्या दिवशी बाजरीचा रोडगा आणि वांग्याचं भरीत होईल, आणि त्यातलं देवाच्या कुत्र्यासाठी म्हणून काळूलाही निघेल. रोडगा त्याला खुशाल द्या. भरीत मात्र देऊ नका. कांदा-लसूण शिजवलेले असले तरी त्यांनी कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आईंना आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्या फोडणीच्या आधी बिनमिठाच्या भाजलेल्या वांग्याचा एक घास त्याच्यासाठी बाजूला काढतील.